शाब्बासची सवय

विशेष मुलांच्या शाळेत बत्तीस वर्षं नोकरी केली असं सांगितलं, की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "केवढा हो संयम तुमच्याकडे!" मी नुसती मान हलवते. खरं काय ते माझ्या शेजाऱ्यांना विचारा. रिक्षावाला मीटर टाकणार नाही म्हणाला, तर मी तिथल्या तिथे उतरते, आणि रिक्षाला आपटायला दार नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. संयम होता तो मुलांकडे. शर्टाचं एक बटण लावायला मी त्यांना आठ आठ महिने शिकवायचे आणि तेवढे महिने ती मला सहन करायची.

दुसरं ठरलेलं वाक्य म्हणजे, "पुण्याचं काम करता हो तुम्ही." पुण्य कसलं डोंबलाचं! नोकरी होती. रजेचे अर्ज होते, मुख्याध्यापिकांशी वाद होते, आणि दर जूनमध्ये हजेरीपुस्तकाला नवं कव्हर घालायचं असायचं. पण या नोकरीत एक दिवस असा यायचा की मला शाळेत जाऊच नये असं वाटायचं. तो म्हणजे एखाद्या मुलाचा अठरावा वाढदिवस.

आमच्या शाळेत मूल अठरा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकायचं. त्या दिवशी आई पेढे घेऊन यायची, मूल नवा शर्ट घालून हसत उभं असायचं. आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरून आई हळूच विचारायची, "बाई, आता पुढे काय?" इतर मुलांची शाळा संपली की कॉलेज असतं, क्लास असतो, निदान कट्टा तरी असतो. आमच्या मुलांची शाळा संपली की बहुतेक वेळा घरातला सोफा असतो.

विश्रांतवाडीचा विनायक माझा विद्यार्थी. सुट्टे पैसे घेऊन एकटा दुकानात जायचा, दूध आणायचा, उरलेले पैसे परत आणायचा. शाळा सुटल्यावर तीन वर्षांनी मी त्याच्या घरी गेले, तर त्याची आई त्याला घास भरवत होती. "आता एवढं कोण बघत बसणार बाई, लवकर उरकतं," असं ती म्हणाली. दहा वर्षं शिकवलेलं तीन वर्षांत सांडून गेलं होतं, आणि त्यात चूक आमचीही होती. आम्ही त्याला दूध आणायला शिकवलं होतं, पण शाळा संपल्यावर त्याने दिवसभर करायचं काय, याचा विचार आमच्यापैकी कोणीही केला नव्हता.

तेव्हापासून मी मुलाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापासूनच बैठका घ्यायला लागले. सरकारी कागदात याला संक्रमण नियोजन म्हणतात. आम्ही शिक्षक खोलीत त्याला सरळ 'पुढचं काय' म्हणायचो. एका टेबलाशी आईवडील, वर्गशिक्षिका, मानसोपचाराच्या बाई, वाचा-उपचाराच्या बाई, आणि मुख्य म्हणजे ते मूल स्वतः, अशा सगळ्यांना बसवायचं. त्याला काय जमतं, काय आवडतं, कुठे काम मिळेल, तिथपर्यंत जाणार कसं, सगळं बोलून ठरवायचं. सगळ्यांनी मिळून करायचं काम आहे हे, एकट्या शिक्षकाचं नाही. या विषयावर मी भाषणं दिलेली आहेत. टाळ्याही मिळाल्या आहेत. म्हणून तर रेश्माची गोष्ट सांगताना मला अजून लाज वाटते.

रेश्मा धायरीची. धायरी हे गाव होतं तेव्हा तिच्या घरच्यांची तिथे शेती होती; आता त्या शेतावर त्यांचीच चार मजली इमारत आहे. तळमजल्यावर हे राहतात आणि वर भाडेकरू. तिच्या वडिलांना सगळे आप्पा म्हणतात. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, कपाळाला बुक्का, बोलणं अतिशय नम्र. घरी गेलं की चहा घेतल्याशिवाय सुटका नाही. रेश्मा त्यांची एकुलती एक मुलगी आणि जीव की प्राण. अठराव्या वर्षीसुद्धा तिच्या बुटांच्या नाड्या आप्पा स्वतः खाली बसून बांधायचे. शाळेत सगळ्यांचे डबे धुणारी ही मुलगी घरी पाण्याचा पेलाही उचलत नव्हती. कोणी उचलूच देत नव्हतं.

रेश्मा बोलायची फार कमी, दोन-तीन शब्दांत. आकडे दहाच्या पुढे जायचे नाहीत. पण तिला नीटनेटकेपणाचं वेड होतं. वाकडी पडलेली चटई दिसली की ती सरळ केल्याशिवाय पुढे जायची नाही. बैठकीत आम्ही तिच्यापुढे तीन कामांचे फोटो ठेवले. मेणबत्त्या करणं, पाकिटं भरणं आणि एका हॉस्पिटलच्या कपड्यांच्या खोलीत चादरींच्या घड्या घालणं. तिने चादरींच्या फोटोवर बोट ठेवलं आणि बैठक संपेपर्यंत ते उचललं नाही.

आप्पांना ते मुळीच पटलं नाही. पोरीला आमच्यात काय कमी हाय, दुसऱ्यांच्या चादरींच्या घड्या तिनं कशाला घालायच्या, गावातली माणसं काय म्हणतील, असं त्यांचं सुरू झालं. मी माझे ठेवणीतले मुद्दे काढले. काही उपयोग झाला नाही. तेवढ्यात रेश्माची आई बोलली. ती नवऱ्यासमोर सहसा तोंड उघडायची नाही.

"मी हाय तवर मी करीन तिचं. माझ्यामागं कोण करील, ते सांगा."

आप्पांनी बायकोकडे बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "एक महिना, मॅडम. एक जरी तक्रार आली, तर पोरगी घरी. मग हा विषय परत काढायचा न्हाई." हॉस्पिटलनेही एक महिना बघूनच ठेवायचं कबूल केलं होतं. महिना संपला की तिथल्या कागदावर वडिलांनी सही करायची, मग काम पक्कं. म्हणजे रेश्माचं पुढचं सगळं आयुष्य त्या तीस दिवसांवर टांगलेलं होतं. मी हो म्हटलं, कारण माझ्या शिकवण्यावर माझा फार विश्वास होता.

आता आमची शिकवायची रीत सांगते. कोणतंही काम आम्ही बारीक बारीक पायऱ्यांत तोडतो. एका माणसाने चादरीची घडी घालायची म्हटलं तर माझ्या हिशेबाने अकरा पायऱ्या होतात. कोपरा शोध, कोपऱ्याला कोपरा लाव, हात फिरव, असं करत करत. आधी मुलाच्या हातावर आपला हात ठेवून करून घ्यायचं. मग हात काढून नुसतं बोट दाखवायचं. मग बोटही काढून घ्यायचं. प्रत्येक पायरी जमली की शाब्बास म्हणायचं. चार महिने मी आणि रेश्मा एका चादरीशी झटलो. शेवटी ती पलंगाएवढी चादर एकटी, कोणाच्याही मदतीशिवाय, इतकी सुरेख घडी करायला लागली, की आमच्या मुख्याध्यापिका मला काही बोलायचं विसरून बघत राहिल्या. हे क्वचितच घडायचं.

हॉस्पिटलची कपड्यांची खोली तळघरात होती. धुऊन वाळवलेल्या चादरी गरम गरम ढकलगाडीतून यायच्या आणि चार बायका त्यांच्या घड्या घालून वर वॉर्डात पाठवायच्या. त्यांच्या प्रमुख वनमालाताई. यवतमाळकडच्या. नवरा कारखान्यात लागला म्हणून पुण्याला आल्या आणि इथे बारा वर्षं चादरींत काढली. पहिले चार दिवस मी रेश्माच्या शेजारी उभी राहिले. काम झकास झालं. पाचव्या दिवशी मी तिला सोडून शाळेत गेले आणि दुपारी फोन आला. "मॅडम, पोरगी थांबली जी."

थांबली म्हणजे अक्षरशः थांबली. एक चादर सुरेख घडी करायची, ढिगावर ठेवायची, आणि तिच्यावर हात ठेवून उभी राहायची. दुसरी घे म्हटलं की घ्यायची, घडी करायची, परत उभी. प्रत्येक चादरीला सांगावं लागायचं. मी धावत गेले, तर माझ्यासमोर पोरीने एकामागून एक पंचवीस चादरी हातावेगळ्या केल्या. मी निघाले आणि काम पुन्हा बंद. बायका आपसात म्हणायला लागल्या की पोरगी लबाड आहे, मॅडमला बघितलं की काम करते. दुसरा आठवडा संपता संपता तिथल्या अधिकाऱ्यांनी मला सभ्यपणे सांगितलं, की असंच चाललं तर आम्हाला घरी कळवावं लागेल. म्हणजे तक्रार. म्हणजे सोफा.

मी शाळेत तातडीची बैठक बोलावली. मानसोपचाराच्या बाई म्हणाल्या, तुमच्यापासून दूर झाल्याची भीती आहे. हातापायांचे व्यायाम घेणारे सर म्हणाले, टेबल बुटकं आहे. वाचा-उपचाराच्या बाईंनी पायऱ्यांच्या चित्रांची पट्टी भिंतीला लावायला सांगितली. मी स्वतः असं निदान केलं, की तिथल्या बायका तिच्याशी प्रेमाने बोलत नाहीत. प्रत्येकाला आपापल्या दुकानातला माल तेवढा आठवला. आम्ही रेश्माच्या टेबलाखाली विटा लावल्या. त्या उंचीवरून घड्या उचलून वनमालाताईंचे खांदे भरून आले. चित्रांची पट्टी लावली. रेश्मा ती चित्रं आवडीने बघत उभी राहायला लागली.

ज्या बाईच्या शेजारी ती दिवसभर उभी होती, तिला मात्र त्या बैठकीला आम्ही बोलावलंच नव्हतं. मला ते सुचलंसुद्धा नाही. सातवी शिकलेली, चादरी घडी करणारी बाई आमच्या टेबलाशी काय सांगणार, असं मी मनात म्हटलं नसेल, पण वागले तशीच.

तिसऱ्या आठवड्याच्या गुरुवारी मी पुन्हा तिथे उभी होते. रेश्माचं काम छान चाललं होतं. वनमालाताईंनी मला बाजूला, गिझरपाशी बोलावलं.

"राग नका मानू जी, मॅडम. पण ही पोरगी चादरीकडं पाहतच नाही. तुमच्या तोंडाकडं पाहते. तुम्ही शाब्बास म्हटल्याशिवाय चादर झाली, असं तिले वाटतच नाही."

मला राग आलाच. माझ्या नाकावरच असतो तो. तुम्हाला या मुलांचं काय माहीत, असं काहीतरी मी फाडकन बोलले. त्या आपल्या कामाला लागल्या. मी वळून रेश्माकडे बघितलं. घडी पूर्ण झाली होती. ढिगावर हात ठेवून ती माझ्याकडे बघत होती. मी मुद्दाम तोंड मिटून उभी राहिले. ती तशीच उभी. एक मिनिट, दोन मिनिटं. माझ्या ओठांकडे बघत, वाट बघत. मग मला राहवलं नाही. "शाब्बास," मी म्हटलं. रेश्मा हसली आणि तिने पुढची चादर उचलली.

परत जाताना सिंहगड रस्त्यावर बस नेहमीप्रमाणे अडकली आणि मला स्वतःशी बोलायला भरपूर वेळ मिळाला. हात काढून घ्यायचा, बोट काढून घ्यायचं, आणि शेवटी शाब्बास म्हणणंही कमी कमी करत बंद करायचं, हे पुस्तकात लिहिलेलं आहे. नव्या शिक्षिकांना मीच ते शिकवत आले होते. मग मी ते का केलं नाही? विसरले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी विसरले नव्हते. शाब्बास म्हटलं की रेश्मा जशी हसायची, तशी दुसऱ्या कशानेच हसायची नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं, घरात मी एकटी, आणि दिवसातून शंभर वेळा ते हसू मला मिळत होतं. त्या हसण्याची चटक मला लागली होती. आप्पा तिच्या बुटांच्या नाड्या बांधतात म्हणून मी त्यांना नावं ठेवत होते आणि मी वेगळं काहीच करत नव्हते. बसमध्ये मला रडू आलं. शेजारच्या मुलीने कानातली वायर काढून, आजी, काही होतंय का, असं विचारलं. तिचं आजी म्हणणंही मी त्या दिवशी सहन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वनमालाताईंसमोर उभी राहिले आणि म्हटलं, चूक माझी आहे. आता तुम्हीच सांगा काय करायचं. त्या हसल्या नाहीत की टोमणाही मारला नाही. त्यांनी मला एवढंच विचारलं, "इथं एकट्यानं चादर घडी करताना पाहिलं का तुम्ही कोणाले?"

मी त्या खोलीत इतके दिवस उभी होते आणि मला ते दिसलं नव्हतं. तिथे चादर दोघी मिळून घडी करतात. समोरासमोर उभं राहून दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका द्यायचा की सुरकुत्या जातात, मग पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. बोलायची गरज नसते. समोरच्या ओढीवरून हाताला कळतं. आमच्या शाळेत मात्र स्वावलंबन हा देव. मुलाने एकट्याने केलं तर ते आलं, कोणाबरोबर केलं तर नाही आलं, असंच आम्ही प्रगतिपुस्तकात लिहीत आलो. मी चार महिने खपून रेश्माला असं काम शिकवलं होतं, जे त्या पद्धतीने कोणी करतच नाही. म्हणून तर तिचं टेबल वेगळं होतं, कोपऱ्यात, आमच्या विटांवर.

वनमालाताईंनी विटा काढल्या, टेबल सरकवलं, आणि एका चादरीची दोन टोकं रेश्माच्या हातात देऊन स्वतः समोर उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "आता तुम्ही जा जी. महिना भरेपर्यंत येऊ नका. फोन पण नका करू."

ते दहा दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. शाळेत सगळ्यांवर खेकसत होते. तळघराच्या पायऱ्यांपर्यंत जाऊन दोनदा परत आले. तिसऱ्यांदा गेटवरच्या वॉचमननेच मला ओळखलं आणि वनमालाताईंनी तुम्हाला आत सोडायला मनाई केली आहे, असं सांगितलं.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. दुपारी आप्पा आले, मीही गेले. सहीचा कागद माझ्या पिशवीत होता. आम्ही दोघं दाराशी उभे राहिलो. आत रेश्मा आणि वनमालाताई समोरासमोर चादर धरून उभ्या होत्या. झटका, पुढे, कोपऱ्याला कोपरा, ढिगावर. लगेच दुसरी. रेश्मा कोणाच्याही तोंडाकडे बघत नव्हती. आप्पांनी टोपी काढून हातात घेतली.

तेवढ्यात वरच्या वॉर्डातून तातडीचा निरोप आला आणि वनमालाताईंना अर्धी चादर सोडून पळावं लागलं. त्यांच्या हातातली बाजू खाली पडली. बाकीच्या बायका गाडी घेऊन वर गेलेल्या. रेश्मा दोन कोपरे हातात धरून तशीच उभी राहिली.

"थांबली," आप्पा हळूच म्हणाले. त्यांच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, उलट ते खचले होते. माझ्या घशाशी शब्द आला होता. एक शब्द उच्चारला असता तर ती हलली असती, हे मला ठाऊक होतं. मी पदर तोंडात धरला. खरंच धरला.

रेश्माने दाराकडे बघितलं. आधी माझ्याकडे, पण क्षणभरच. मग ती खाली वाकली, पडलेले दोन कोपरे गोळा केले, चादर ओढत चालत आली आणि ते कोपरे तिने आप्पांच्या पुढे धरले.

"धर," ती म्हणाली.

आप्पांनी टोपी माझ्या हातात दिली आणि कोपरे धरले. आयुष्यात त्यांनी घरातली उशीची खोळसुद्धा घडी केली नसेल. त्यांनी झटका उलटा दिला. कोपरे चुकीचे लावले. रेश्माने चादर उलगडली, त्यांचे हात धरून नीट केले, आणि पुन्हा झटका दिला. पहिली चादर ढिगावर गेली. तिने दुसरी उचलली आणि त्यांच्या हातात कोपरे दिले. मग तिसरी. चौथ्या चादरीला आप्पांना समोरचं दिसेना, इतके डोळे भरून आले होते.

"इतक्या वर्सांत हिच्याकडनं काय घेतलंच न्हाई मी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "नुसतं देत राह्यलो."

मग त्यांनी एका हाताने डोळे पुसले. त्यांच्या बाजूचा एक कोपरा सुटला. दुसराही सोडून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "मॅडम, तो कागद द्या. सही करतो."

मी पिशवीत हात घातला. रेश्माने खाली पडलेले दोन्ही कोपरे उचलले आणि परत त्यांच्या हातात दिले.

"आधी चादर," ती म्हणाली.

आप्पांनी सहीचं राहू दिलं आणि चादर धरली.